सामचं रोजचं श्राद्ध

मी धंद्याने न्हावी. सध्या कोळी म्हणून नोकरीला आहे.

आमच्या वुंग नॉम गावात खरे कोळी राहत होते तेव्हा मी त्यांच्या दाढ्या करायचो. गाव पाण्यावरचं. प्रत्येकाचं घर आपापल्या तराफ्यावर. मी टोपलीहोडीत आरसा उभा करून दारोदार जायचो. गिऱ्हाईक उंबऱ्यावर, मी होडीत, आणि मोठी बोट जवळून गेली की लाट ओसरेपर्यंत दोघांनीही श्वास धरायचा. एवढ्या वर्षांत एकाचाही कान गेला नाही. या कलेची आज कोणाला कदर नाही. सहलींच्या कंपनीला माझी दाढी आवडली. पांढरी, लांब, टोकाशी जराशी वळलेली. न्हाव्याने दाढी वाढवावी हा खरं तर आळस, पण कंपनीचा त्वान म्हणाला, "लामकाका, असा कोळी आम्हाला शोधून सापडला नसता!"

खरे कोळी त्याला न शोधता सापडले होते. पण ते परदेशी फुटबॉल संघांची बनियनं घालतात आणि दिवसभर मोबाइलवर ओरडतात. पाहुण्यांना ते कोळी वाटत नाहीत, भाडोत्री गुंड वाटतात. त्यामुळे कोळी आता धक्क्यावर बसगाड्या मागे घेताना शिट्ट्या वाजवतात आणि मी जाळं फेकतो. माझ्या जाळ्याला शिसं लावलेलं नाही. हलकं जाळं हवेत फुलासारखं उमलतं, फोटो झकास येतो. बुडत मात्र नाही. मासे त्याच्या सावलीत विश्रांती घेतात.

गाव किनाऱ्यावर हलवलं त्याला काही वर्षं झाली. वादळं वाढली होती, उपसागराचं पाणी नासत होतं, पोरांना शाळा हवी होती. कारणं सगळी खरी होती. खऱ्या कारणांशी भांडता येत नाही, हीच पंचाईत. टेकडीवर ओळीने बांधलेली फिकट पिवळी घरं मिळाली. पहिल्या आठवड्यात निम्म्या गावाला ओकाऱ्या. जमिनीवरच्या माणसाला समुद्र लागतो, तशी आम्हाला जमीन लागते. ती हलतच नाही हो! डोकं फिरतं माणसाचं. एक म्हातारा माझ्याकडे दाढीला बसला आणि म्हणाला, "लाम, जरा खुर्ची हलव की रे. झोप नाही झाली चार दिवस."

मागे, चुनखडीच्या डोंगरांच्या कुशीत, चार घरं राहिली. ती कंपनीने घेतली आणि "तरंगत्या गावाचं जतन" सुरू केलं. माशाचं करतात तसंच, आधी पोट साफ करायचं, मग मीठ लावायचं.

त्या चारांतलं एक न्हानवहिनींचं. ते निवडलं निळ्या दारामुळे. तिथे आता पाटी आहे: निळा हा इथल्या दर्यावर्दींचा पवित्र रंग, समुद्रदेवतेला प्रिय. प्रत्यक्षात वहिनींचा नवरा साम याला बंदरात कोणीतरी उरलेल्या रंगाचा डबा फुकट दिला होता. डबा हिरवा असता तर देवतेला हिरवा आवडला असता.

वहिनींनाही कंपनीने नोकरी दिली. काम सोपं: निळ्या दाराशी बसून जाळं विणणारी आजी. म्हणजे रोज सकाळी कंपनीच्या बोटीतून स्वतःच्या घरी जायचं, दिवसभर स्वतःसारखं दिसायचं, आणि संध्याकाळी बोटीतून परत यायचं. स्वतःसारखं दिसायला तपकिरी कपडे दिले होते, भातशेती करणाऱ्या बायका घालतात तसे. आमच्याकडे भात फक्त ताटात दिसायचा. वहिनी म्हणाल्या, "मी असले कपडे जन्मात घातले नाहीत." त्वान म्हणाला, "आजी, पाहुण्यांनी घातलेले पाहिलेत ना!"

त्वान वाईट मुलगा नव्हता. असता तर काम सोपं झालं असतं. हनोईचा, पर्यटन शिकलेला, गोड बोलणारा. पावसात आम्हाला छत्री धरायचा. आपण या लोकांची संस्कृती वाचवतोय, असं त्याला मनापासून वाटायचं. मनापासून वाटणाऱ्या माणसाला "नको" म्हणणं फार अवघड जातं.

आता सामबद्दल. आमच्याकडे पोरांना मुद्दाम वेडंवाकडं नाव ठेवतात, म्हणजे भुताखेतांना त्यांचा हेवा वाटत नाही. साम हा एक खेकड्यासारखा प्राणी आहे. नर-मादी एकमेकांना सोडत नाहीत, जाळ्यातसुद्धा जोडीनेच येतात. आमचा साम नावापुरताच साम होता. वहिनींनी काही सांगितलं की तो हसायचा आणि उलटं करायचा. "पिऊ नका" म्हटलं की प्यायचा, "त्या भांडकुदळ म्हाताऱ्याच्या नादी लागू नका" म्हटलं की त्याच्याशी पत्ते खेळायचा. एका पहाटे वहिनी म्हणाल्या, "अहो, ढग बघा. आज जाऊ नका." तो हसला आणि गेला. बोट आली नाही, तो आला नाही, एक वल्हंसुद्धा आलं नाही.

दर्यात गेलेल्या माणसाची मरणतिथी कळत नाही, तेव्हा तो निघाला तीच तिथी धरायची. सामची तिथी चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्यात, पौर्णिमेनंतर चौथी. त्या वेळी भगताला बोलावलं. त्याने तराफ्याच्या कडेला उभं राहून सामचा सदरा हलवत हाका मारल्या. मग ताटलीत नाणी टाकली. हे आमचं पितरांशी बोलण्याचं साधन. भोक असलेली दोन जुनी नाणी, दोन्हींची एक बाजू चुना लावून पांढरी केलेली. एक पांढरी आणि एक काळी पडली, तर पितर "होय" म्हणतात. दोन्ही पांढऱ्या, तर हसताहेत. दोन्ही काळ्या, तर गप्प. तीनदा विचारायचं, चौथ्यांदा विचारणं हा अपमान. साम पहिल्याच फेकीला "होय" म्हणाला. भगत म्हणाला, "मातीत निजलेला माणूस खुणा बघत घर शोधतो. पाण्यात खुणा नसतात. याला एकच दार ठाऊक, ज्यातून तो निघाला ते. बोलवायचं तर तिथूनच बोलवा." भगत जरा प्यायलेला होता. पण बुडालेल्या माणसांबद्दल शुद्धीत बोलणारा भगत मी अजून पाहिलेला नाही.

टेकडीवर गेल्यावर पहिली तिथी आली, ती वहिनींनी नव्या घरात केली. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना पत्ता कळेल गं. उदबत्ती लावताना घर नंबर सांग." वहिनींनी घर नंबर सांगितला, गल्ली सांगितली, वळणावरचं मोबाइलचं दुकान सांगितलं. नाणी टाकली. काळी-काळी. पुन्हा काळी-काळी. तिसऱ्यांदा एक नाणं घरंगळत पलंगाखाली गेलं, तेही काळंच. मुलगा आणि सून जेवली. वहिनींनी सामच्या वाटीतला भात तसाच ठेवला. मी शेजारीच होतो. त्या म्हणाल्या, "लामभाऊ, वर्षात एकदा जेवतो माणूस. तेही चुकवलं मी त्याचं."

मृताला तिथीला जेवायला मिळालं नाही, तर तो भुकेला, अनोळखी दारांशी रेंगाळणारा होतो. हे आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. कोणी शिकवावं लागत नाही.

पुढच्या वर्षी वहिनींनी त्वानला गाठलं. मी बरोबर होतो, कोळ्याच्या वेशात.

"साहेब, मला माझं घर अर्धा दिवस हवंय," वहिनी म्हणाल्या.

"साहेब काय आजी, मी तुमच्या नातवासारखा! घर तुमचंच आहे." कागदावर कंपनीचं होतं, पण तो प्रेमाने बोलत होता. "फक्त पाहुण्यांना एका कोपऱ्यात बसून बघू दे. एक शब्द बोलणार नाहीत. माझी हमी."

पाहुणे खरंच बोलले नाहीत. वहिनींनी त्याच्या आवडीचं केलं होतं. माकुलाचे वडे, मिरं घालून मडक्यात आटवलेला मासा, चिकट भात, आणि वाटीभर भाताची दारू. तीन उदबत्त्या लावल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "या. मी इथंच आहे." नाणी टाकली. एक पांढरी, एक काळी.

त्या क्षणी वहिनी रडल्या नाहीत. त्या लाजल्या. या वयाच्या बाईला मी पहिल्यांदाच लाजताना पाहिलं. रडली ती कोपऱ्यातली एक फ्रेंच बाई, आणि तिला बघून सगळी बोट रडली. जाताना त्यांनी कंपनीबद्दल इंटरनेटवर जे लिहिलं, ते त्वानने आम्हाला वाचून दाखवलं. गुहा नाही, डोंगर नाहीत, सूर्यास्त नाही. या सगळ्या सहलीत फक्त हे लक्षात राहिलं, असं त्यात होतं. वाचताना त्याचा आवाज कापत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आठवडा गेला नसेल, तो कार्यक्रमाचा नवा फलक घेऊन आला. सकाळी गुहा, मग कायाक, मग तांदळाच्या पातळ पापडाचे रोल गुंडाळणे. (आमच्या गावात हे रोल कोणी गुंडाळत नव्हतं. पाहुण्यांना मात्र प्रत्येक गावात ते गुंडाळावेच लागतात. देशात शिरण्याचा तो परवानाच असावा.) आणि मध्ये नवी ओळ: पितरांसोबत भोजन. रोज. दुपारी.

"रोज?" वहिनींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "साहेब, माणूस एकदाच मेला."

"आजी, पाहुणे रोज नवे असतात ना. त्यांच्यासाठी ते एकदाच."

"आणि त्यांच्यासाठी?" वहिनींनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला. त्यात साम नुकताच पोलिसांना सापडल्यासारखा दिसतो.

त्वान अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला जड जात असेल तर मी जबरदस्ती नाही करणार. मुळीच नाही. आपण दुसऱ्या एखाद्या काकूंना बसवू. घर, फोटो, सगळं आहेच."

वहिनी परतीच्या बोटीत निळ्या दाराकडे तोंड करून बसल्या. धक्का दिसायला लागला तेव्हा म्हणाल्या, "परकी बाई त्या दारातून हाक मारेल. आणि हा माणूस असा, तो जाईलसुद्धा."

"वहिनी, मेल्यावर तरी साम एवढा वाया गेला नसेल."

"तुम्ही त्याच्या दाढ्या केल्या, लामभाऊ. मी संसार केला."

तेव्हा वहिनीच बसल्या. मला बढती मिळाली. जाळं फेकून झालं की मी मृताचा भाऊ व्हायचो आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकायचो. दाढी होतीच.

रोजच्या रोज खोटी हाक मारून भल्या माणसाला हेलपाटा घालायचा, हे वहिनींच्या मनाला पटेना. त्यांनी वाट काढली. उदबत्ती लावायची, डोकं टेकवायचं, आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचं, "अहो, आज खरं नाही. येऊ नका. आहात तिथेच थांबा. लोक आलेत." शेजारी असल्यामुळे मला रोज ऐकू यायचं. सगळं एका दमात, वर-खाली न होता, गावच्या कर्ण्यावरून हवामान सांगतात तसं. पलीकडे दिएप नावाची गाईड पोरगी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायची की आजी म्हणताहेत, प्रियतमा, घरी ये, तुझं ताट वाढलं आहे. पोरीचा दोष नाही. तिला पाठ करून दिलं होतं.

नाण्यांचा घोळ व्हायचा. साम येत नसल्यामुळे नाणी खरं बोलायची. काळी-काळी. पाहुणे ताटं धरून अवघडून बसायचे. आपल्याकडून काही चूक झाली का, असं एकमेकांना विचारायचे. एकदा एक कोरियन कुटुंब माफी मागून उपाशी गेलं. त्वानने तोडगा काढला. त्याने नवी नाणी करून आणली. एक दोन्ही बाजूंनी पांढरं, दुसरं दोन्ही बाजूंनी काळं. कसंही टाका, पितर "होय" म्हणतात.

"ही कसली नाणी?" वहिनींनी विचारलं.

"आजी, बोट पितरांसाठी थांबत नाही."

उदबत्त्याही अर्ध्या तोडलेल्या यायला लागल्या. उदबत्ती विझल्याशिवाय जिवंतांनी जेवायचं नसतं, आणि पाहुणे सकाळपासून कायाक मारून आलेले. वहिनींनी खरी नाणी रुमालात बांधून चोळीच्या आत ठेवली. तिथीपर्यंत ती त्यांनी कोणाला दाखवली नाहीत.

असे महिने गेले. नवी लग्न झालेली जोडपी यायची, विद्यार्थी यायचे, एका विमा कंपनीची सगळी माणसं सारख्या टोप्या घालून आली आणि सामसमोर उभं राहून त्यांनी घोषणा दिली. ती कसली होती, दिएपलाही सांगता आलं नाही. साम जिवंतपणी दुपारचा कधी घरी जेवला नव्हता. आता मेल्यावर रोज त्याचं ताट वाढलं जायचं आणि रोज त्याला दारातून परत पाठवलं जायचं. मी एकदा गमतीने म्हटलं, "वहिनी, कंटाळला असेल हो." त्या म्हणाल्या, "कंटाळू दे. तिथीला मी त्याला नीट बोलावणार आहे. मग सगळं सांगीन."

तिथी जवळ आली तशा वहिनी बदलल्या. बाजारातून माकूल आणायच्या, दाबून बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या. सुनेला म्हणायच्या, "हे रबराचं आहे, ते त्वानच्या पाहुण्यांना दे." केसांना नारळाचं तेल लावलं. मी फुकट त्यांच्या मानेवरचे केस नीट केले. न्हाव्याला दुसरं काय देता येतं.

त्यांनी त्वानकडे तेवढा एक दिवस मागितला. नुसता दुपारचा वेळ. पाहुणे नकोत.

त्वानचा चेहरा पडला. "आजी, ऐन हंगाम आहे. दोन बोटी भरल्यात."

"मग सकाळी."

"सकाळी घरात नवं जोडपं आहे. 'कोळ्याच्या घरी मुक्काम' मधलं. ते उशिरा उठतात."

ते जोडपं वहिनींच्याच बाजेवर झोपायचं. "मग संध्याकाळी?" असं मीच विचारलं, आणि वहिनींनीच उत्तर दिलं, "सूर्य कलल्यावर कसलं जेवण लामभाऊ? ते माध्यान्हीलाच."

"आजी," त्वान त्यांच्यासमोर उकिडवा बसला, त्यांचा हात हातात घेतला, "रोज करताच ना? तेच घर, तेच दार, तोच फोटो. उद्या फक्त मनात म्हणा की आज खरं आहे. पाहुण्यांना काही कळणार नाही. पूर्ण उदबत्त्या लावा. तुमची नाणी वापरा. मी बोटीला थांबवतो, माझा शब्द."

वहिनींनी विचार केला. खोटं काहीच नव्हतं त्यात. "बरं," त्या म्हणाल्या. "सामला लोकांची सवय झालीच असेल."

दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं होतं. नवं जोडपं उठून गेलं होतं. वहिनींनी बाजेवरची चादर काढली, निळं दार पुसलं, तराफ्यावरच्या कुत्र्यालाही आंघोळ घातली. जेवण त्यांनी घरून करून आणलं होतं, वर झाकण बांधून, बोटीत मांडीवर धरून. मी जाळं फेकलं. दोन्ही बोटींनी फोटो काढले. एका गोऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, किती वर्षं कोळी आहात? दिएपने माझ्या वतीने सांगितलं, सात पिढ्या.

मग सगळे आत आले. पाहुणे चटयांवर दाटीने बसले, मोबाइल उंच धरले. वहिनींनी ताट वाढलं. रोजच्या ताटात कंपनीच्या स्वयंपाकघरातला गारढोण मासा असायचा. आज मडक्याचं झाकण उघडलं आणि मिऱ्याचा वास घरभर पसरला. मलाच क्षणभर वाटलं की साम आता पाय न पुसता आत येईल. वहिनींनी दारूची वाटी काठोकाठ भरली. रुमाल सोडून खरी नाणी ताटलीत ठेवली. पूर्ण लांबीच्या तीन उदबत्त्या पेटवल्या. कपाळाला लावल्या.

दिएपने सुरुवात केली. प्रियतमा, घरी ये...

आणि माझ्या कानाशी वहिनी म्हणाल्या, "अहो, आज खरं नाही. येऊ नका. आहात तिथेच थांबा. लोक आलेत."

एका दमात. वर-खाली न होता.

उदबत्त्या लावून झाल्या. हात खाली आले. मग वहिनींचे हात थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघण्याची माझी हिंमत झाली नाही. मी फोटोकडे बघत राहिलो.

"लामभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "काय म्हटलं मी?"

त्यांना माहीत होतं.

"अहो!" वहिनी मोठ्याने म्हणाल्या. पाहुणे दचकले. "अहो, या! ते रोजचं होतं. ते लोकांसाठी होतं. आज खरं आहे. आज चौथ आहे. या, मी इथंच आहे!"

दिएप गोंधळली, मग इंग्रजीत म्हणाली की आजींच्या भावना अनावर झाल्या आहेत. कोणीतरी "आहा" केलं. मोबाइल आणखी पुढे आले.

वहिनींनी नाणी टाकली. काळी-काळी.

पुन्हा टाकली, ओंजळीत बराच वेळ हलवून. काळी-काळी.

तिसऱ्यांदा नाणी हातात घेऊन त्यांनी दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं. बाहेर पाणी, डोंगर, आणि दुसऱ्या कंपनीच्या कायाक रांगेने जात होत्या, पिवळ्या जाकिटातली माणसं एकमेकांवर पाणी उडवत होती. त्या जाईपर्यंत वहिनी थांबल्या. मग टाकली. एक नाणं कडेवर फिरत राहिलं, फिरत राहिलं. चटईवरचे सगळे श्वास धरून होते. माझ्या होडीतल्या गिऱ्हाइकासारखे.

काळं.

साम हसलासुद्धा नाही. गप्प.

त्वान गुडघ्यांवर सरकत आला. त्याचे डोळे खरंच भरले होते. "आजी," तो कुजबुजला, "मी बोट थांबवली असती, पण दुसऱ्या बोटीचं माझ्या हातात नाही." त्याने ताटलीतली नाणी उचलून वहिनींच्या हातात दिली, आपल्या खिशातली दोन काढली आणि ताटलीत टाकली. एक पांढरं, एक काळं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जेवायला बसले. उदबत्त्या अजून अर्ध्याही जळल्या नव्हत्या.

मासा त्यांना फार आवडला. आज काहीतरी वेगळं आहे, असं त्या गोऱ्या म्हाताऱ्याने दोनदा सांगितलं. सामची दारूची वाटी एका विद्यार्थ्याने विचारून घेतली. दिएपने हो म्हटलं.

पाहुणे गेल्यावर मी भांडी विसळायला घेतली. वहिनी निळ्या दारात पाय सोडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, उद्या पुन्हा हाक मारा. नीट मारा. समजेल तो."

"उद्या पंचमी."

"मग पुढच्या वर्षी..."

"लामभाऊ," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी म्हटलं, ढग बघा, जाऊ नका. हसला आणि गेला. पिऊ नका म्हटलं, प्याला. तीस-बत्तीस वर्षं या माणसाने माझा एक शब्द ऐकला नाही." त्यांनी पायाने पाणी जरासं हलवलं. "वर्षभर मी रोज सांगतेय, येऊ नका. आता ऐकायला लागला मेला."

मी हसलो. त्या हसत नव्हत्या, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी बोट आली. मी जाळं फेकलं, दाढी विंचरली, मृताचा भाऊ झालो. वहिनींनी अर्ध्या उदबत्त्या पेटवल्या, कपाळाला लावल्या. मी कान देऊन होतो. काहीच ऐकू आलं नाही. "येऊ नका" नाही, "या" नाही. ओठ मिटलेलेच. दिएप पाठ केलेलं म्हणत होती आणि मध्येच घुटमळली. मग तिने स्वतःहून भर घातली की आमच्याकडे मृतांशी मौनातच बोलतात, ती प्राचीन परंपरा आहे. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्वानने ते लगेच टिपून घेतलं. आता ते पाटीवर आहे.

वहिनींनी कंपनीची नाणी टाकली. एक पांढरं, एक काळं. त्यांनी ताटलीत वाकून बघितलं, चष्म्याशिवाय वाचावं तसं, जवळून.

"आला म्हणतात," त्या मला म्हणाल्या, आणि पाहुण्यांना वाढायला उठल्या.